दुसरी हार्ड डिस्क लावली आणि पीसी सुरूच होईना? आधी हे बघा

दुसरी हार्ड डिस्क जोडली की विंडोज लोगोपर्यंत येऊन पीसी रिस्टार्ट होतो किंवा काळा स्क्रीन येतो, तर लगेच फॉरमॅट मारायला जाऊ नका.

१. पीसी बंद करून प्लग काढा, नव्या डिस्कच्या साटा (डेटाची) आणि पॉवर दोन्ही वायरी काढा आणि चालू करून बघा.

२. नीट चालू झाला तर परत बंद करून डिस्क जोडा, पॉवरची वायर शक्यतो स्प्लिटरवरून (एका वायरीच्या दोन करणाऱ्या जोडणीवरून) न घेता थेट एसएमपीएसमधून (पीसीच्या पॉवर सप्लायमधून) द्या, आणि चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या पीसीच्या सेटिंगमध्ये) जा, कारण बऱ्याचदा बूट ऑर्डर (कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचं तो क्रम) बदललेली असते, खासकरून जुन्या पीसीची डिस्क असेल तर तिच्यातलं जुनं विंडोज आधी उचललं जातं. आपली विंडोजवाली डिस्क पहिली ठेवा, सेव्ह करा.

३. तरीही तेच? साटा केबल आणि पोर्ट बदला.

बायोसमधला एएचसीआय/रेड मोड (साटा डिस्क कशा चालवायच्या ती सेटिंग) मात्र बदलू नका, चालू असलेलं विंडोजही निळ्या स्क्रीनवर अडकतं.