शूज घेण्याआधी पायाची तक्रार लिहून काढा

यवतेश्वरचा घाट उतरून घरी आले, मोजा काढला, तर उजव्या अंगठ्याचं नख जांभळं पडलेलं. वय 46, पहिल्या हाफ मॅरेथॉनची तयारी, आणि पायात दुकानातला सगळ्यांत महाग जोड. "मॅडम, टॉपचं मॉडेल आहे" म्हणून दुकानातल्या मुलानं दिला, मी घेतला. पाय कुठे दुखतो हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आता साताऱ्यातल्या नव्यानं पळायला लागलेल्या मैत्रिणी शूजबद्दल विचारतात, तेव्हा मी आधी वही-पेन काढायला लावते. दुखतं कुठे, चढाला की उताराला, फोड कुठे येतात, सगळं लिहा.

ही सवय मला लागली ती ॲसिक्स या जपानी शूज-कंपनीच्या इतिहासामुळे. त्यांच्या जुन्या बुटांमागे बहुतेक वेळा कुणा खेळाडूची तक्रारच सापडते.

1949 साली, युद्धात होरपळलेल्या जपानच्या कोबे शहरात, किहाचिरो ओनित्सुका यांनी कंपनी काढली, तीच पुढे ॲसिक्स झाली. सैन्यातून परतलेला माणूस. पोरं खेळाला लागली तर सावरतील, ही त्यांची तळमळ. बास्केटबॉलच्या खेळाडूंची तक्रार होती की पाय घसरतो. 1951 मध्ये जेवताना काकडीच्या कोशिंबिरीतल्या ऑक्टोपसचे चोषक त्यांच्या नजरेत भरले आणि तळव्याला तशाच खोलगट वाट्या आल्या. पहिल्या नमुन्याची पकड इतकी घट्ट की खेळाडू तोंडावर पडू लागले, मग वाट्या उथळ केल्या. म्हणून सांगते, पकड जमिनीप्रमाणे बघा. घाटाच्या डांबरी रस्त्याला साधा, सपाट तळवा पुरतो. कासकडच्या जांभ्या दगडाच्या पायवाटांवर, तेही पावसात पळणार असाल, तरच खोल दातऱ्यांचे ट्रेल शूज घ्या.

फोडांची गोष्ट माझी सगळ्यांत आवडती. मॅरेथॉनपटूंचे पाय फोडांनी भरायचे आणि सगळे ते नशिबाचा भाग मानायचे. ओनित्सुकांनी वैद्यकाच्या प्राध्यापकांना गाठलं. कळलं की फोड हा घर्षणानं तापलेल्या कातडीचा एक प्रकारचा भाजल्याचा घाव आहे. मग हवेनं थंड होणाऱ्या इंजिनावरून त्यांना सुचलं आणि 1960च्या सुमारास आलेल्या 'मॅजिक रनर'ला भोकं पाडली, पाऊल टाकलं की गरम हवा बाहेर, उचललं की ताजी आत. 1960च्या रोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचं सोनं अनवाणी जिंकलेला इथिओपियाचा अबेबे बिकिला 1961 मध्ये जपानच्या मैनिची मॅरेथॉनला आला, तेव्हा ओनित्सुकांचे बूट घालून पळला आणि जिंकला.

तुमच्या वहीत 'फोड' लिहिलं असेल तर शूजचा वरचा भाग उजेडासमोर धरून जाळी किती मोकळी आहे ते बघा. सुती मोजे सोडाच. सुती टी-शर्टही सोडा; घामानं भिजून जड होतो आणि काखेत घासतो. 1977 मध्ये ओनित्सुकांची कंपनी जीटीओ आणि जेलेंक या दोन कंपन्यांत मिसळून ॲसिक्स झाली, तेव्हापासून बूट आणि खेळाचे कपडे एकाच छताखाली आले. कपडेही शूजइतक्याच काळजीनं निवडा, एवढंच माझं म्हणणं.

'पाऊल आत कलतं' ही तक्रार असेल तर दुकानदार हमखास ॲसिक्सचा जेल-कायानो दाखवेल. ॲसिक्सच्या तळव्यातली जेलची गादी 1986 मध्ये आली. कायानो 1993 मध्ये, तोशिकाझु कायानो या डिझायनरच्या नावानं. त्यांच्या डोळ्यांसमोर भुंगेऱ्याचं कठीण कवच होतं. पाऊल आत झुकू नये म्हणून या शूजमध्ये आतल्या बाजूला कडक फोम असायचा. 2023 च्या तिसाव्या आवृत्तीत तो काढून टाकला आणि आधाराची पद्धतच बदलली. इतकी वर्षं जपलेली गोष्ट बदलायला धीर लागतो, मला त्याचं फार कौतुक वाटतं. ओल्या पावलाच्या ठशावरून पावलाची कमान ताडून शूज ठरवू नका. अमेरिकेत सैन्याच्या नवभरतीवर चाचण्या झाल्या, त्यात पावलाच्या कमानीवरून शूज देऊन दुखापती कमी झाल्या नाहीत. दोन-तीन जोड घालून दुकानातच थोडं पळा. जो विसरायला होतो तो तुमचा.

आता माझं नख. खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पळायचे मोजे घाला. उभं राहिल्यावर सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आणि नाडीचं सगळ्यांत वरचं ते जास्तीचं भोक, जे बहुतेकजण रिकामं सोडतात, ते वापरा. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकात आत घाला, म्हणजे बाहेर छोटं कडं उरतं. दोन्ही बाजूंना असं केलं की उजवं टोक डाव्या कड्यातून, डावं उजव्या कड्यातून ओवा, खाली ओढा आणि मग गाठ मारा. टाच जागेवर बसते, उताराला पाऊल पुढे सरकत नाही. मी त्याच घाटात तेव्हापासून उतरते, नखं शाबूत आहेत.

जोड घेतल्याची तारीख वहीत घाला आणि किलोमीटर मांडत राहा. साधारण 600 झाले की तळव्याच्या मधल्या फोमवर अंगठा दाबून बघा. दबत नसेल किंवा बाजूला सुरकुत्या पडल्या असतील तर बदला. पावसाळ्यात भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, उन्हात किंवा हीटरजवळ नको, चिकटवण सुटते. बोळे दोन तासांनी बदला, सकाळपर्यंत सुकतात.