जुन्या मशीनसाठी फ्लॉपी फॉरमॅट करताय? मी कुठे अडकलो ते वाचा

भोसरीतल्या एका टूलरूममध्ये १९९७ साली मी वायरकटवर (तारेनं धातू कापणाऱ्या मशीनवर) हेल्पर म्हणून लागलो. साडेतीन इंची फ्लॉपीवर चालणारी जुनी मशीन आजही कितीतरी शॉपमध्ये आहेत आणि त्यांच्यासमोर उभी राहणारी नवी मुलं माझ्यासारखीच अडकतात. म्हणून हे लिहितोय.

१.४४ एमबीच्या फ्लॉपीवर ८० ट्रॅक (डेटा लिहायची गोल वर्तुळं), २ बाजू, ट्रॅकला १८ सेक्टर (वर्तुळाचे तुकडे), सेक्टरला ५१२ बाइट, म्हणजे एकूण १४,७४,५६० बाइट. हे ट्रॅक आखून देणारी डॉसची फॉरमॅट कमांड फार वेळ खायची. म्हणून ऑफिसच्या पीसीवर आम्ही व्हीजीए-कॉपी हे शेअरवेअर (आधी वापरून बघा, मग पैसे भरा असं सॉफ्टवेअर) वापरायचो. प्रत्येक ट्रॅकचा चौकोन पडद्यावर भरत जायचा आणि सगळे नीट भरले की फ्लॉपी चांगली, असं मी धरून चालायचो. त्यात १४४० केबीपेक्षा जास्त जागा काढून देणारे फॉरमॅटही होते. मशीनसाठी त्यांना हात लावू नका. मशीनला ट्रॅकमागे ९ किंवा १८ सेक्टर कळतात, २० किंवा २१ नाही.

आता मुख्य गोष्ट. एका रात्रपाळीला डायचा (साच्याचा) प्रोग्राम फ्लॉपीवर घेऊन मशीनवर गेलो, तर रीड एरर. पीसीवर परत आणली तर तीच फ्लॉपी स्वच्छ वाचली गेली. पुन्हा फॉरमॅट केली, व्हेरिफाय (लिहिलेलं परत वाचून केलेली तपासणी) ओके, मशीनवर पुन्हा एरर. पाकिटातली कोरी, कधीच फॉरमॅट न झालेली फ्लॉपी घेतली, तर ती चालली. मी निष्कर्ष काढला की जुन्या फ्लॉप्या खराब झाल्यात, आणि एकेक फेकत गेलो. त्यातल्या एका फ्लॉपीवर दुसऱ्या डायच्या प्रोग्रामची एकमेव प्रत होती. ती मीच पुसली होती. सकाळी साहेबांना ते सांगताना माझे हात गार पडले होते. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

फ्लॉप्या चांगल्या होत्या. पीसीच्या ड्राइव्हचं हेड, म्हणजे फ्लॉपीवर लिहिणारा-वाचणारा भाग, सरकलेलं होतं.

हे नीट समजून घ्या. साडेतीन इंची फ्लॉपीवर इंचाला १३५ ट्रॅक बसतात, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये जेमतेम ०.१९ मिलिमीटर अंतर. ड्राइव्हला धक्का बसला, हेड जरासं सरकलं, की तो सगळे ट्रॅक थोडे बाजूला लिहितो. वाचतानाही तो तितकाच बाजूला वाचतो. त्यामुळे स्वतःचं लिहिलेलं त्याला अचूक सापडतं आणि व्हेरिफाय ओके येतं. त्याच ड्राइव्हवर केलेली तपासणी म्हणजे आपला पेपर आपणच तपासणं.

मग कोरी फ्लॉपी का चालली? शेतात जुन्या तासाला खेटून नवा तास काढला, की जुन्याची एक कड शिल्लक राहते. फ्लॉपीवरही तसंच होतं. आधी फॉरमॅट झालेल्या फ्लॉपीवर सरकलेल्या हेडनं लिहिलं, की जुन्या ट्रॅकची कड पुसायची राहते. मशीनचं सरळ हेड त्या जागेवरून जातं तेव्हा जुनं आणि नवं दोन्ही एकदम उचलतं, आणि घोळ होतो. कोऱ्या फ्लॉपीवर जुनं काहीच नसतं, म्हणून ती कशीबशी वाचली जाते.

हे मला शिकवलं मेंटेनन्सच्या एका मिस्त्रींनी. त्यांनी मशीनवर फॉरमॅट केलेली फ्लॉपी पीसीत घातली आणि आलेली एरर नुसती दाखवली. शिकायचं असेल तर असा माणूस शोधा. ‘चालतंय ना, मग चालू दे’ म्हणणाऱ्या सुपरवायझरकडून काही मिळत नाही.

घाबरू नका, उपाय सोपा आहे. आधी तिसऱ्या ड्राइव्हवर वाचून बघा. दोष पीसीच्या ड्राइव्हचा निघाला तर तो सरळ बदला. जुन्या फ्लॉप्या ग्राइंडिंग विभागातल्या डीमॅग्नेटायझरवरून (चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावरून) फिरवा, पूर्ण पुसल्या जातात, मग नव्यानं फॉरमॅट करा. आणि कामाची फ्लॉपी सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकजवळ (जॉब चुंबकानं धरणाऱ्या पाटाजवळ) कधीही ठेवू नका. कधीही नाही.

क्विक फॉरमॅटवर माझा अजिबात विश्वास नाही. तो वरची यादी कोरी करतो, ट्रॅक तसेच राहतात. १.४४ च्या फ्लॉपीच्या भोकावर चिकटपट्टी लावून ती ७२० केबीची करणंही मला पटत नाही. दोन्ही प्रकारच्या फ्लॉप्यांचा चुंबकीय लेप वेगळा असतो. आज वाचली गेली म्हणून महिन्यानंतर वाचली जाईलच असं नाही.

विंडोजवर मी आता विनइमेज वापरतो. तेही शेअरवेअरच. त्याचे पैसे भरा, त्यावर तुमचं पोट चालतंय. पहिल्याच दिवशी मशीनच्या सिस्टिम फ्लॉपीची इमेज (हुबेहूब प्रतीची फाइल) त्यात काढा आणि दोन ठिकाणी ठेवा. सोनीनं २०११ मध्ये फ्लॉपी विकणं थांबवलं, आता मिळतो तो जुना साठा. शक्य असेल तर मालकाला सांगून फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेनड्राइव्हवर चालणारा गोटेक एम्युलेटर बसवून घ्या. तोवर प्रत्येक फ्लॉपीच्या लेबलवर प्रोग्रामच्या नावाखाली ती कोणत्या ड्राइव्हवर फॉरमॅट केली तेही लिहा. मी अजून लिहितो.