गेमिंग सबस्क्रिप्शन घ्यायचं की नाही, हे घरच्या घरी कसं ठरवाल?

गेम पास ही मायक्रोसॉफ्टची सबस्क्रिप्शन सेवा: दरमहा पैसे भरायचे आणि यादीतले गेम हवे तेवढे खेळायचे. ही यादी पहिल्यांदा उघडली की हाव सुटते. शेकडो गेम, आणि महिन्याचे पैसे एका नव्या गेमच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी. पण पैसे आपण अख्ख्या यादीचे भरतो आणि खेळायला मिळतात ते ऑफिस आणि घर सांभाळून उरलेले चार तास. म्हणून हिशेबाची सुरुवात या चार तासांपासून करा.

आधी गेल्या सहा महिन्यांत खरंच किती खेळलात ते बघा. पीएस५वर (सोनीच्या प्लेस्टेशन ५ कन्सोलवर) प्रोफाइलमध्ये प्रत्येक गेमचे तास दिसतात, पीसी गेम विकणाऱ्या स्टीमच्या लायब्ररीतही दिसतात. मी एक महिना स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, खेळलो त्या तारखेला पेन्सिलीने फुली मारत गेलो. महिनाअखेर सात फुल्या झाल्या. त्यातल्या पाच एकाच गेमच्या, आणि तो मी आधीच विकत घेतलेला. म्हणजे सबस्क्रिप्शनच्या वाट्याला जेमतेम दोन संध्याकाळी आल्या होत्या. ते वर्षभराचं पॅकेज होतं आणि ऑटो-रिन्यू बंद करायचं राहून गेलं, म्हणून दुसऱ्या वर्षाचेही पैसे गेले. त्याची हळहळ अजून वाटते.

आता येत्या तीन महिन्यांत खेळायचेच असे पाच गेम कागदावर लिहा. यादी न बघता, आठवतील तसे. मग एकेक नाव सेवेच्या यादीत शोधा आणि तो कोणत्या प्लॅनमध्ये आहे तेही बघा. पाचातले तीन सापडले तर पुढे जा. एकच सापडला तर तो सेलमध्ये विकत घ्या आणि विषय संपवा. नव्या गेमच्या बाबतीत सेवासेवांत फरक आहे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या स्टुडिओंचे बहुतेक गेम अल्टिमेट (गेम पासचा सगळ्यात महागडा प्लॅन) आणि पीसी गेम पासवर पहिल्याच दिवशी येतात. सोनी आपले मोठे गेम सहसा पहिल्या दिवशी प्लेस्टेशन प्लस या आपल्या सबस्क्रिप्शनवर देत नाही.

यादीतले गेम जातातही. जीटीए ५ हा गेम जुलै २०२३मध्ये गेम पासवर आला, जानेवारी २०२४मध्ये गेला आणि एप्रिल २०२५मध्ये परत आला. मधल्या काळात अर्ध्यावर अडकलेल्यांचं सेव्ह जागच्या जागी होतं, पण गेम विकत घेतल्याशिवाय तो उघडत नव्हता. शंभर तासांचा आरपीजी (लांबलचक कथेचा रोल-प्लेइंग गेम) सावकाश, वर्षभर पुरवून खेळणाऱ्यांनी तो विकतच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. सबस्क्रिप्शन शोभतं ते आठ-दहा तासांत संपणाऱ्या छोट्या इंडी (लहान, स्वतंत्र स्टुडिओंच्या) गेमना आणि 'आवडेल की नाही' अशी शंका असलेल्या गेमना.

मग भागाकार करा. समजा महिन्याला ७०० रुपये जातात, म्हणजे वर्षाला ८,४००. वर्षात तुम्ही तीन गेम पूर्ण केले तर एक गेम २,८०० रुपयांना पडला. तेच तीन गेम सेलमध्ये कितीला मिळतात ते शेजारी लिहा. चालू दर त्याच दिवशी बघा, कारण दर वाढत राहतात. गेम पास २०१७मध्ये अमेरिकेत ९.९९ डॉलरला सुरू झाला. तिथे अल्टिमेटचा दर ऑक्टोबर २०२५मध्ये १९.९९वरून थेट २९.९९ डॉलर झाला.

कन्सोलवर मित्रांबरोबर ऑनलाइन खेळत असाल तर गणित वेगळं. प्लेस्टेशनवर विकतच्या गेमचं ऑनलाइन मल्टिप्लेअर प्लस घेतल्याशिवाय चालत नाही. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना प्लस लागत नाही, आणि पीसीवर ही भानगडच नाही. माझा भाचा रोज रात्री कॉलेजच्या मित्रांबरोबर फुटबॉल खेळतो, दुसरं काहीच नाही. त्याच्या वडिलांनी सगळ्यात महागडा डिलक्स प्लॅन घेऊन दिला होता. त्याला एसेन्शियल हा सगळ्यात स्वस्त प्लॅन पुरेसा होता.

डाउनलोडही विसरू नका. मोठा गेम सहज १०० जीबी खातो. वायफायच्या प्लॅनला डेटाची मर्यादा असेल तर महिन्याला दोन गेम 'चाखून' बघणंही महागात पडतं.

एवढं करून घ्यायचं ठरलंच, तर एकाच महिन्याचं घ्या. महिनाही असा निवडा की हातात सुट्ट्या असतील, दिवाळीचा किंवा मेचा. पैसे भरल्याबरोबर, पहिला गेम डाउनलोड होत असतानाच, अकाउंटमध्ये जाऊन ऑटो-रिन्यू बंद करा. भरलेला महिना त्यानंतरही पूर्ण वापरता येतो. यूपीआयने भरलं असेल तर अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीतून मँडेटही (दर वेळी आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) रद्द करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. ती बहुधा जाहिरातींच्या मेसेजच्या गर्दीत दबते, म्हणून तारीख कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहून ठेवा. त्या तारखेच्या दोन दिवस आधी फुल्या मोजा, आणि पुढचा महिना घ्यायचा की नाही ते तेव्हा ठरवा.