वेगवेगळ्या रायडिंगसाठी वेगवेगळ्या बाईक ठेवायच्या असतील तर कशा निवडायच्या आणि कशा सांभाळायच्या

सगळ्यात आधी एक सांगतो, ज्याच्याकडे आत्ता एकही बाईक नाही त्याने हे सगळं वाचून लगेच दोन गाड्यांचा विचार करू नका. एक मधल्या वजनाची, सरळ बसून चालवायची नेकेड बाईक (पुढे प्लास्टिकचं आवरण नसलेली) घ्या आणि वर्षभर ती प्रत्येक कामाला वापरा, ऑफिसला, हायवेला, कच्च्या रस्त्याला, मागे कोणी बसवून, सामान बांधून. ती कुठे कमी पडते ते वर्षभरात आपोआप कळतं आणि दुसरी गाडी कुठली हवी याचं उत्तर तिथेच मिळतं. हे लिहितोय ते त्या पुढच्या पायरीसाठी.

आता एकच गाडी सगळं का नाही करू शकत, तर कारण गाडीच्या मापातच आहे. वळणावर पटकन झुकणारी स्पोर्ट बाईक घ्या, तिचा पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) बराच उभा असतो, उभ्या रेषेपासून साधारण २४ अंशांच्या आसपास कललेला, दोन्ही चाकं १७ इंची आणि व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, छोटा. क्रूझर म्हणजे बुटकी, लांब, निवांत बसायची गाडी, तिचा फोर्क ३० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त पुढे कललेला आणि व्हीलबेस लांब, म्हणून ती सरळ रस्त्यावर निवांत जाते पण बारीक वळणात वळवायला जास्त जागा मागते. ऑफरोड गाडीला पुढे २१ इंची बारीक चाक लागतं म्हणजे ते दगडावरून, खड्ड्यावरून चढून जातं, आणि सस्पेन्शनला वरखाली व्हायला भरपूर जागा लागते म्हणून सीट उंच जाते. या सगळ्या गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध खेचतात. सीट खाली हवी आणि ग्राउंड क्लिअरन्सही भरपूर हवा, असं दोन्ही पूर्ण मिळत नाही, काहीतरी सोडावंच लागतं.

यावर मधला मार्ग काढायचा प्रयत्न १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस काढून केला, हायवेही आणि कच्चा रस्ताही, आणि त्यातूनच मोठ्या अ‍ॅडव्हेंचर बाईकचा आख्खा प्रकार वाढला. चांगलाच प्रकार आहे, मला मनापासून आवडतो. पण त्याच घराण्यातली आर १२५० जीएस २४९ किलोची आहे आणि होंडाची ड्युअल स्पोर्ट (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीवर चालणारी हलकी गाडी) सीआरएफ ३०० एल १४२ किलोची. शंभर किलोहून जास्त फरक. खराब डांबरी रस्ता, लांब पल्ला, मागे माणूस आणि पेट्या असं असेल तर पहिली गाडी राजा आहे, पण एकट्याने मऊ वाळूत किंवा चिखलात जायचं आणि गाडी आडवी पडली की उचलायची असेल तर दुसरीच पाहिजे. उलट ती छोटी गाडी दिवसभर हायवेवर वाऱ्यात चालवून बघा, अरुंद सीटवर बसून कंबर आणि बूड दोन्ही बोलायला लागतात.

म्हणून पहिलं काम, वही काढा. वहीच असं नाही, मोबाइलमध्ये लिहा, पण दोनतीन महिने प्रत्येक राइड लिहून ठेवा. किती लांब, रस्ता कसा, मागे कोणी होतं का, सामान किती आणि गाडीने नेमका कुठे त्रास दिला. जे राइड तुम्ही खरंच करता तेच लिहायचं, करायचे आहेत ते नाही, कारण स्वप्नातल्या राइडसाठी घेतलेली गाडी बहुतेक वेळा उभीच राहते. नंतर ती यादी बघितली की दिसतं की ऐंशी टक्के राइड पहिल्या गाडीवर नीट होतात आणि उरलेल्यांमध्ये एकच तक्रार परत परत येते. ती तक्रार म्हणजे तुमची दुसरी गाडी.

आणि माझा सगळ्यात पक्का नियम इथे आहे: दुसरी गाडी पहिलीपासून जमेल तितकी लांबची घ्या. लोक हमखास उलटं करतात, आवडत्या प्रकारातलीच अजून एक घेतात, म्हणजे नेकेड आहे तर थोडी मोठी नेकेड किंवा अ‍ॅडव्हेंचर आहे तर क्रॉसओव्हर (डांबराकडे झुकलेली अ‍ॅडव्हेंचर). मग दोन्ही गाड्या एकाच रविवारसाठी भांडतात, जी जास्त मजा देते ती बाहेर निघते आणि दुसरीची बॅटरी बसते. याउलट लांबच्या प्रवासाला आरामशीर स्पोर्ट टूरर आणि तिच्या शेजारी हलकी ड्युअल स्पोर्ट, ही जोडी मला दोन गाड्यांमध्ये सगळ्यात समजूतदार वाटते. एकीला वारा अडवणारी काच, मोठी टाकी, पेट्या, दुसरीला हलकं वजन आणि लांब सस्पेन्शन, आणि रोजचं छोटं काम त्या हलकीवर आरामात होतं. दोघींचं काम एकमेकींत मिसळतच नाही. क्रूझर आवडत असेल तर तिच्यासोबतही हलकीफुलकी उंच गाडी शोभते, कारण क्रूझरला जे जमत नाही ते सगळं ती करते. मोठी अ‍ॅडव्हेंचर आणि मोठी नेकेड ही जोडी मात्र दिसायला वेगळी आणि वापरायला बरीच सारखी, दोन्ही सरळ बसायच्या, दोन्ही ताकदवान, ती घेण्याआधी दोनदा विचार करा.

ट्रॅकवर जायचं असेल तर त्यासाठी वेगळी गाडी खरंच कामाची, आणि ती मोठी असायची अजिबात गरज नाही. ३०० सीसीच्या आसपासची वापरलेली स्पोर्ट बाईक घ्या, तिच्यावर वळणात वेग टिकवायला शिकता येतं, मोठ्या गाडीवर सगळं लक्ष सरळ रस्त्यावरच्या वेगात जातं आणि टायर आणि ब्रेक पॅडही लवकर संपतात. पडली तरी जीव तुटत नाही, आणि पडेल असं धरूनच चालायचं. एक लक्षात ठेवा, बऱ्याच ट्रॅकवर ग्लायकॉलवालं कूलंट चालत नाही कारण ते सांडलं की रस्ता भयंकर निसरडा होतो, तिथे साधं पाणी किंवा ट्रॅकसाठीचं वेगळं द्रव भरावं लागतं, म्हणून रोजची गाडी दर वेळी तयार करत बसण्यापेक्षा एक गाडी त्याच कामाला ठेवणं सोपं पडतं.

जागा किंवा पैसे कमी असतील तर दोन गाड्यांऐवजी एका गाडीला चाकांचे दोन सेट हाही पर्याय आहे, आणि फार कमी लोक याचा विचार करतात. ड्युअल स्पोर्टला कच्च्या रस्त्यासाठी २१ आणि १८ इंची चाकं खडबडीत टायरची, आणि डांबरी रस्त्यासाठी १७ इंची दोन्ही, रोड टायर लावलेली. सुपरमोटो म्हणतात ती गाडी अशीच होते. चाक बदलायला सवय झाली की फार वेळ लागत नाही, पण दुसऱ्या सेटला स्वतःच्या डिस्क आणि मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) बसवून ठेवा, नाहीतर दर वेळी ते काढून लावण्यात जीव जातो. पुढच्या चाकाचा आकार बदलला की बऱ्याच गाड्यांचा स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ते चाकांच्या फरकाने गोंधळू शकतं, हे आधी त्या मॉडेलबद्दल नीट विचारून घ्या.

गाडी निवडताना कागदावरच्या ताकदीपेक्षा दोन आकडे आधी बघा, सीटची उंची आणि टाकी भरलेलं वजन. सीआरएफ ३०० एलची सीट ८८० मिमी आहे, होंडा रेबेल ५०० ची ६९० मिमी, म्हणजे जवळजवळ २० सेंटिमीटरचा फरक. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, कारण अरुंद सीट उंच असली तरी पाय सरळ खाली जातात आणि रुंद सीट बुटकी असली तरी पाय फाकतात, शिवाय मऊ सस्पेन्शन तुमच्या वजनाने खाली बसतं. बूट घालून बसून बघा, गाडी मागे ढकलून बघा, उतारावर वळवून बघा. ऑफरोडला एकटे जाणार असाल तर ती आडवी करून स्वतः उचलता येते का हे विकत घेण्याआधीच बघा, विकणारा तोंड वाकडं करेल, करू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, ज्याबद्दल गाडी घेताना कोणी बोलत नाही: उभ्या गाडीची काळजी. चालणाऱ्या गाडीपेक्षा उभी गाडी लवकर बिघडते.

बॅटरी पहिली जाते. साधी लेड अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण चार्ज असली की इंजिन बंद ठेवून १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा, कारण बॅटरी अर्धवट चार्ज ठेवून पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट होतो आणि मग ती परत पूर्ण भरत नाही. सगळ्या गाड्यांना एकाच प्रकारचं प्लग बसवून घ्या आणि एक चांगला मेंटेनर चार्जर (उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा) आळीपाळीने लावत जा. लिथियम बॅटरी असेल तर तिला तिचाच चार्जर, जुन्या चार्जरमधला सल्फेट काढायचा मोड तिला चालत नाही.

दर आठवड्याला गाडी पाच मिनिटं जागच्या जागी चालू करून बंद करायची, ही सवय बऱ्याच जणांना आहे आणि ती सोडाच. इंजिनमध्ये पेट्रोल जळतं तेव्हा पाण्याची वाफ तयार होते, इंजिन पूर्ण तापलं नाही तर ती वाफ आतच थंड होऊन ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, आणि स्टार्टरने जेवढा करंट खाल्ला तेवढा परत भरतही नाही. चालवायची तर अर्धा तास नीट चालवून आणा, ऑइल पूर्ण गरम होऊ द्या, नाहीतर चालूच करू नका, चार्जर लावून झाकून ठेवा.

पेट्रोलचं म्हणाल तर काही महिन्यांत ते शिळं होतं, आणि इथेनॉल मिसळलेलं असेल तर हवेतला ओलावा ओढून घेतं. फ्यूल इंजेक्शनची गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा, स्टॅबिलायझर घाला आणि ते आत पोचेपर्यंत थोडी चालवा, टाकी भरलेली असली की आत हवेला जागा नाही आणि गंज कमी. कार्ब्युरेटरवाली असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून ती बंद पडेपर्यंत चालू ठेवा किंवा खालचा स्क्रू काढून कार्ब्युरेटरचा बाउल (पेट्रोल साठणारी वाटी) रिकामा करा, नाहीतर बारीक जेटमध्ये चिकट थर बसतो आणि सीझनच्या सुरुवातीलाच कार्ब खोलावा लागतो.

टायरवर चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कमी वापरातल्या गाडीचे टायर झिजत नाहीत म्हणून लोक तेच वापरत राहतात आणि रबर मात्र कडक होत जातं, नक्षी छान दिसते पण पकड गेलेली असते, ओल्या रस्त्यावर ते कळतं. पाच वर्षांनंतर दर वर्षी नीट तपासा, बाजूला भेगा दिसल्या की बदला. ब्रेक फ्लुइडही पाणी शोषतं, ते किलोमीटर न बघता साधारण दोन वर्षांनी बदलायचं.

आणि जमेल तेवढं सामान सगळ्या गाड्यांना चालेल असं घ्या. ओल्या क्लचच्या (क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो अशा) बाईकला डब्यावर जासो या जपानी मानकाचं एमए किंवा एमए२ लिहिलेलंच ऑइल घाला, दोन्ही गाड्यांना एकाच ग्रेडचं चालत असेल तर सोन्याहून पिवळं. मऊ बॅगा, फोनचा माउंट, पंक्चर किट एकच ठेवा आणि बदलत जा. हवेचा दाब, ऑइल किती लिटर, अ‍ॅक्सल नटचा पाना किती नंबरचा, शेवटचं ऑइल कधी बदललं हे प्रत्येक गाडीचं वेगळं पान करून लिहा. डोक्यात राहत नाही.

आता गाडी बदलून बसताना काय होतं ते. हातपाय आधीच्या गाडीचेच असतात. क्रूझर लांब आणि खालून जड, ब्रेक लावला तरी मागच्या चाकावर बरंच वजन राहतं म्हणून तिथे मागचा ब्रेक चांगलं काम करतो, तीच सवय घेऊन छोट्या स्पोर्ट बाईकवर मागचा ब्रेक दाबला की चाक लॉक होतं किंवा एबीएस धडधडतं. स्पोर्ट बाईकचा पुढचा ब्रेक दोन बोटांनी चावतो, तेवढ्याच जोरात खडीवर पुढचा ब्रेक ओढलात तर पुढचं चाक निसटतं. २१ इंची चाकाची गाडी सावकाश वळते, तिच्यावरून १७ इंचीवर आलं की पहिल्याच वळणात गरजेपेक्षा जास्त आत जाता. म्हणून प्रत्येक वेळी पहिली दहापंधरा मिनिटं वेग कमी ठेवा, निघण्याआधी मोकळ्या जागेत दोनदा जोरात ब्रेक लावून बघा, आठच्या आकड्यात एक फेरी मारा. एका गाडीला क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलू देणारी सोय) आहे आणि दुसरीला नाही, किंवा एकीचे गिअर ट्रॅकसाठी उलटे केलेत, असं असेल तर निघताना मोठ्याने स्वतःला सांगा. ऐकायला विचित्र वाटेल पण उपयोग होतो.

ऑफरोड मोडमध्ये मागचं एबीएस बंद करता येतं अशा गाड्यांवर डांबरावर आल्यावर मोड परत बघायचा, आणि कच्च्या रस्त्यासाठी कमी केलेली हवा भरून घ्यायची, हवा कमी असलेल्या टायरवर हायवेच्या वेगाने गेलं की टायर तापतो.

शेवटी विकायचं कधी. ज्या कामासाठी गाडी घेतली त्याचा आख्खा सीझन ती उभी राहिली, आजारपण किंवा कामाचं खास कारणही नव्हतं, तर त्या वहीत बघा तुम्ही ते राइड कुठल्या गाडीवर केले. दुसरीवरच केले असतील तर ती चालत्या अवस्थेत असतानाच काढा, टायरला जीव आणि बॅटरी चांगली असताना, सोबत ते देखभालीचं पान आणि दुसरी चावी द्या, घेणाऱ्याचा विश्वास बसतो आणि गाडीलाही चालवणारा मिळतो. रिकामी झालेली जागा महिनाभर तरी रिकामीच ठेवा आणि राइड लिहीत राहा.