चाकांची देखभाल करताना या चुका टाळा: टायरइतकेच रिमकडेही लक्ष द्या

सोलापुरातून पुणे, हैदराबाद, विजयपूर किंवा तुळजापूर यांपैकी कोणत्याही दिशेला निघाले, तरी शहराची हद्द ओलांडताच गाडी महामार्गाच्या वेगाला लागते. गल्लीबोळातल्या खड्ड्यांत आणि गतिरोधकांवर चाकाला बसलेला मार तोवर जाणवलेला नसतो, तो ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जाणवू लागतो. अशा वेळी बहुतेक जण टायरकडे बघतात आणि रिम (टायर ज्यावर बसतो ते धातूचे चक्र), नट, हवा भरायचा व्हॉल्व्ह, चाक सहज फिरवणारे बेअरिंग यांचा विचारही करत नाहीत. माझ्या मते निम्मा खर्च आणि बराचसा धोका इथूनच सुरू होतो.

पहिली चूक उन्हाळ्यातली आहे आणि सोलापूरकरांनी ती गांभीर्याने घ्यायला हवी. पारा ४० अंशांच्या वर असताना लांबचा प्रवास करून पंपावर हवा तपासली, तर आकडा जास्त दिसतो आणि ‘टायर फुटेल’ या भीतीने हवा कमी केली जाते. वस्तुस्थिती अशी की टायरमधील तापमान १० अंशांनी वाढले की दाब साधारण दीड पीएसआयने (पंपावर हवा ज्या एककात मोजतात त्याने) वाढतो, आणि कंपनीने चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर दिलेला आकडा थंड टायरसाठीच असतो. गरम टायरमधून हवा काढली की तो थंड झाल्यावर दाब ठरलेल्यापेक्षा कमी भरतो. कमी हवेच्या टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतात, त्या वाकण्याने उष्णता वाढते आणि टायर फुटण्याची शक्यता उलट बळावते. म्हणून हवा सकाळी, गाडी किमान तीन तास उभी राहिल्यानंतर तपासावी. नायट्रोजन भरल्याने उन्हात दाब वाढत नाही, हा समजही सोडून द्यावा; साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्हींचा दाब जवळपास सारखाच वाढतो.

दुसरी चूक म्हणजे स्टिअरिंग थरथरले की थेट अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन सरळ करणे, करून घेणे. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेने झिजत असेल, तर अलाइनमेंटची शंका योग्य आहे. परंतु ठरावीक वेगालाच थरथर सुरू होत असेल, तर प्रथम बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे सारखे आहे का, ते तपासावे. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक फिरत असताना मालकाने स्वतः शेजारी उभे राहून रिमची आतली कड पाहावी, कारण खड्ड्याने रिम अनेकदा आतल्या बाजूने वाकते आणि बाहेरून चाक अगदी नवे दिसते. रिम डोलत असेल, तर तोल साधण्यासाठी रिमला लावायचे वजनाचे तुकडे वाढवत जाण्याला अर्थ नाही. पोलादी रिमचा किरकोळ बाक काढता येतो, पण अलॉयला (मिश्रधातूच्या रिमला) तडा गेला असेल तर तो वेल्डिंगने बुजवून ते चाक वेगाच्या रस्त्यावर कधीही वापरू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू कमकुवत होतो आणि तडा पुन्हा उघडू शकतो. खर्च परवडत नसेल, तर साधी पोलादी रिम बसवणे हा त्याहून कितीतरी शहाणपणाचा पर्याय आहे.

एकाच चाकाची हवा दर आठवड्याला कमी होत असेल, तर पंक्चर सापडले नाही म्हणून नुसती हवा भरत राहू नये. साबणाचे पाणी टायर आणि रिम जुळतात त्या कडेवर, व्हॉल्व्हच्या मुळाशी व तोंडाशी, तसेच अलॉयच्या मागच्या बाजूला लावावे. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती आहे. जुन्या पोलादी रिमच्या कडेला गंज चढलेला असेल, तर टायर उतरवून ती कड घासून घ्यावी लागते.

नट आवळताना होणाऱ्या चुका तर थेट जिवावर बेतणाऱ्या आहेत. पान्यावर उभे राहून किंवा एअर गनने बेसुमार आवळलेल्या नटामुळे स्टडचे (नट ज्यावर चढतो त्या बोल्टचे) आटे ताणले जातात, आणि रस्त्यात पंक्चर झाले तर तो नट सुटता सुटत नाही. नट समोरासमोरच्या क्रमाने हाताने बसवावेत, गाडी जमिनीवर आल्यानंतर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कइतकेच (पिळण्याच्या जोराइतकेच) आवळावेत, आटे कोरडे व स्वच्छ ठेवावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. बाहेरून अलॉय बसवून घेतले असतील, तर त्यांच्या बैठकीशी (नट टेकतो त्या भागाशी) जुळणारे नट आहेत का, हे दुकानातच विचारून घ्यावे. जुने नट चढतात, पण बैठकीत नीट बसत नाहीत.

स्टेपनीची हवाही दर महिन्याला पाहावी. टायर कधी बनला हे सांगणारा त्यावरील चार अंकी कोडही वाचावा. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलावाच.

हे सगळे ठीक असूनही वेगाबरोबर वाढणारी घुमघुम ऐकू येत असेल आणि वळणावर गाडीचा भार एका बाजूला जाताच तिचा आवाज बदलत असेल, तर संशय बेअरिंगवर घ्यावा. चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवावे. खडखड जाणवली तर महामार्गावर न जाता गाडी गॅरेजमध्ये न्यावी.