नरेंद्र कवीचे छोटे चरित्र कसे लिहावे

देवगिरीच्या यादव दरबारातील नरेंद्र हा कवी पुढे महानुभाव पंथाचा संन्यासी झाला. त्याचे दोन-तीन पानांचे चरित्र लिहायला घेणाऱ्याने जन्मसाल आणि घराणे शोधण्यात दिवस घालवू नयेत. ‘स्मृतिस्थळ’ या पंथीय ग्रंथातील एक प्रसंग हाती धरावा आणि बाकीचे त्याच्याभोवती रचावे.

नरेंद्राने आपले ‘रुक्मिणीस्वयंवर’ हे काव्य ऐकवले तेव्हा यादव राजा रामदेवराव इतका प्रसन्न झाला की, ग्रंथाला माझे नाव दे, मी ओवीमागे सोन्याचे नाणे देतो, असे तो म्हणाला. पण तसे केल्यास आमच्या कविकुळाला बोल लागेल, असे सांगून नरेंद्राने नकार दिला. हा प्रसंग घाईने उरकू नये. ग्रंथ कोणाचा हे ओवीत गुंफलेल्या नावावरूनच पुढच्या पिढ्यांना कळत असे, हे आधी सांगावे, म्हणजे राजाने नेमके काय मागितले ते वाचकाच्या ध्यानात येईल. अठराशे ओव्यांपैकी सुमारे नऊशेच आठवणीतून टिकून राहिल्या, ही परंपरेतील हकीकतही इथेच द्यावी.

त्यानंतर नरेंद्र आणि त्याचे कवी असलेले भाऊ साल व नृसिंह हे पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडे आले. हा नकार वैराग्यातून आला, असे मात्र लिहू नये. माझ्या मते तो कवीचा स्वाभिमान आहे आणि भिक्षा व अटन (गावोगाव फिरणे) यांचे आयुष्य त्याच्या नंतरचे आहे. संन्यासाचे कारण म्हणून अलाउद्दीन खिलजीची देवगिरीवरील स्वारीही पुढे करू नये. काव्य 1292 च्या सुमाराचे आहे, स्वारी 1296 ची; ओवीमागे सोने देऊ करणारा दरबार तेव्हा भरभराटीत होता.

सर्वांत अवघड भाग शृंगाराचा. रुक्मिणीचा विरह दरबारी थाटात रंगवणारे काव्य संन्याशांनी कसे जपले, हा प्रश्न वाचक विचारणारच. त्यासाठी याच पंथातील कवी भास्करभट्टाच्या ‘शिशुपाळवधा’चा दाखला द्यावा: ग्रंथ चांगला, पण निवृत्तांच्या, म्हणजे संन्याशांच्या, उपयोगाचा नाही, असा अभिप्राय त्याला पंथातूनच मिळाला आणि मग त्याने ‘उद्धवगीता’ रचली. तरीही हे दोन्ही ग्रंथ आणि नरेंद्राचे काव्य पंथाच्या साती ग्रंथांत, म्हणजे मान्य सात काव्यग्रंथांत, मानाने बसले, कारण कथानायक कृष्ण हा महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी, म्हणजे पाच पूज्य अवतारांपैकी, एक आहे.

विरहप्रकरणातील दोन-तीन ओव्या संपादित आवृत्तीवरून अक्षरशः उतरवाव्यात, जुनी रूपे आजच्या मराठीत बदलू नयेत आणि प्रत्येक ओवीखाली सरळ अर्थ द्यावा.