बाजरीच्या भाकरीत गहू कुठून यायचा?

लेकीला सीलिअ‍ॅक हा आजार आहे, गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन तिला चालत नाही. बाजरीत ते नसतं, म्हणून थंडीत आमच्याकडे सगळ्यांनाच भाकरी. तरी तिचं पोट दुखायचंच.

कारण निघालं गिरणीत. आधी दळलेल्या गव्हाचं पीठ जात्यात उरतं आणि आपल्या बाजरीत उतरतं. आता घरघंटी घेतली आहे, तिच्यात गहू घालतच नाही. दुसरं कारण हिंग! बाजारातल्या बऱ्याच हिंगांत मैदा असतो. डबीवरचे घटक वाचाच. मी तांदळाच्या पिठातला आणते. तवाही तिचा वेगळा, कारण ह्यांच्या डब्याला पोळ्या लागतात.

ग्लुटेन नाही म्हणून बाजरीचं पीठ बांधून येत नाही, भाकरी चिरते. त्यावर उपाय कढत पाणी. एका भाकरीपुरतंच पीठ घ्यायचं, तळहाताने भरपूर रगडायचं, थापून वर तीळ. दळणही थोडंथोडंच, पीठ जुनं झालं की कडवट लागतं.

भोगीला वांगी, गाजर, पावटा, सोलाणे, तिळाचं कूट घालून लेकुरवाळी भाजी केली, फोडणीत तोच हिंग. लेकीने दोनदा मागून घेतली. रात्री पोट दुखलं नाही.